जीन ‘वाईट’ निघाला म्हणून त्याच्यावर औषध चालेलच का? पोटाचा कॅन्सर, मेट आणि क्लॉडिन १८.२

जान्हवी_एम

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे एकाच धाटणीचे प्रश्न येतायत म्हणून वेगळा धागा काढतेय. कुठल्यातरी पेपरची बातमी फिरत असते, अमुक जीन पोटाच्या कॅन्सरमध्ये वाढलेला सापडला, ज्यांच्यात तो जास्त ते पेशंट कमी जगले, म्हणजे हा नवा बायोमार्कर आणि उपचाराचं नवं टार्गेट. आणि त्याखाली कोणाच्या तरी मुलीचा, कोणाच्या तरी भावाचा प्रश्न असतो की ही टेस्ट आपल्या माणसाची कुठे करून मिळेल. ते वाचून जीव तुटतो, कारण त्या घरात तेव्हा एकेक दिवस महत्त्वाचा असतो. मी डॉक्टर नाही, कॅन्सर बायोलॉजीत संशोधन करते, त्यामुळे कोणाला काय औषध घ्या हे सांगणार नाही, पण जीन आणि औषध यातलं नातं नेमकं कसं असतं तेवढं नीट मांडायचा प्रयत्न करते.

दोन प्रश्न वेगळे आहेत आणि बातम्यांमध्ये ते कायम एकत्र कालवले जातात. पहिला, हा जीन बघून आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज येतो का. दुसरा, हा जीन बघून एखादं ठराविक औषध चालेल का हे कळतं का. पहिल्याचं उत्तर हो असलं तरी दुसऱ्याचं नाही असू शकतं, आणि उलटंही होतं. हवेत बोलत नाहीये, जठराच्या कॅन्सरमध्ये याची दोन्हीकडची उदाहरणं आहेत.

मेट नावाचा जीन घ्या. पेशीच्या पृष्ठभागावर त्याचा रिसेप्टर असतो, पेशीला वाढायला आणि पसरायला उद्युक्त करतो. जठराच्या गाठीत मेट जास्त असेल तर आजार आक्रमक, असं कितीतरी अभ्यासांत दिसलं होतं. म्हणजे सगळ्यांच्या नजरेत हा आदर्श उमेदवार. मग रिलोटुमुमॅब नावाची अँटिबॉडी आली, मेटला जागं करणारा जो रेणू आहे त्यालाच पकडणारी. मेट पॉझिटिव्ह असलेले ६०९ पेशंट घेऊन फेज ३ ट्रायल झाली आणि २०१४ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत होते. मध्यक आयुर्मान औषध गटात ८.८ महिने आणि नुसत्या केमोच्या गटात १०.७ महिने. ओनार्टुझुमॅब ही दुसरी अँटिबॉडी थेट मेटवरच बसणारी होती, तिनेही फायदा दाखवला नाही. ईजीएफआर या तशाच दुसऱ्या रिसेप्टरचंही तेच, त्याच्यावरच्या पॅनिट्युमुमॅबच्या ट्रायलमध्ये ११.३ महिन्यांवरून आकडा ८.८ वर आला.

आता दुसरं टोक, क्लॉडिन १८.२. ही प्रथिनं पेशींमधल्या सांध्यात बसतात, शेजारच्या दोन पेशी एकमेकींना घट्ट चिकटून राहाव्यात आणि मधून ॲसिड झिरपू नये म्हणून. हा जीन तिसऱ्या क्रोमोसोमवर आहे आणि त्याची दोन रूपं आहेत, १८.१ फुप्फुसात आणि १८.२ जवळपास फक्त जठराच्या अस्तरात. गंमत म्हणजे कॅन्सरमध्ये हे प्रथिन वाढत नाही, उलट बऱ्याच गाठींमध्ये निरोगी जठरापेक्षा कमीच असतं. ते जास्त असलं की पेशंट लवकर जातो असंही ठामपणे दिसत नाही, काही अभ्यास एक म्हणतात काही दुसरं. ‘वाढलेला जीन आणि कमी आयुष्य’ ही चाळणी लावली असती तर क्लॉडिन पहिल्याच फेरीत बाद झाला असता. आणि आज जठराच्या कॅन्सरमध्ये ज्या मोजक्या प्रथिनांवर नेमकं औषध आहे त्यात तो आहे!

तो टार्गेट झाला कारण निरोगी अस्तरात हे प्रथिन सांध्यात दडलेलं असतं, रक्तातून आलेल्या अँटिबॉडीला सहजी सापडत नाही, आणि पेशी कॅन्सरची झाली की तिची वर-खाली, आत-बाहेर ही घडी विस्कटते आणि ते उघडं पडतं. शिवाय शरीरात इतरत्र ते फारसं नसतं. उगुर शाहीन आणि ओझलेम ट्युरेची यांच्या जर्मनीतल्या गटाने २००८ मध्ये हे मांडलं, पुढे कोविडच्या लशीमुळे सगळ्या जगाला माहीत झालेले तेच दोघं. त्या कामातून क्लॉडिनवर बसणारं झोल्बेटुक्सिमॅब आलं. जपानमध्ये मार्च २०२४ मध्ये आणि अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता. २००८ ते २०२४, सोळा वर्षं. कालच्या पेपरमधल्या जीनवर आज औषध मिळेल का असं विचारताना हा मधला काळ लक्षात ठेवावा असं मला फार वाटतं.

---

रानवारा

जान्हवीताई, धागा अगदी वेळेवर आला. माझ्या काकांना जठराचा कॅन्सर आहे, लिव्हरमध्ये पसरलाय, ऑपरेशन शक्य नाही म्हणाले. हर-टू (गाठीवरचं एक प्रथिन, त्यावर वेगळं औषध असतं) निगेटिव्ह आलाय. डॉक्टर क्लॉडिन आणि पीडी-एल१ (इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्तीची औषधं द्यायची का ते ठरवायला) करू म्हणतायत, पण चुलतभावाने एक पेपर पाठवला त्यात दुसऱ्याच एका जीनचं नाव आहे आणि तो म्हणतो आधी तो तपासा, त्यात ‘पोटेन्शियल थेरप्युटिक टार्गेट’ असं स्पष्ट लिहिलंय. घरात यावरून वाद चालू आहे. बायोप्सीचं मटेरियल थोडंच उरलंय असं लॅबने सांगितलं. नक्की कशावर खर्च करायचं ते?

---

विदागार

@रानवारा मटेरियल थोडं असेल तर डॉक्टर सांगतायत तेच आधी. मी डेटा ॲनालिसिस करतो, असे पेपर कसे तयार होतात ते आतून बघितलंय म्हणून थोडं सविस्तर लिहितो, चुलतभावाला दाखवा.

कॅन्सर जीनोम ॲटलस म्हणून मोठा प्रकल्प आहे, त्यांचा जठराच्या कॅन्सरचा पेपर २०१४ मध्ये आला, २९५ गाठींचा. पुढे नमुने वाढले आणि तो डेटा सगळ्यांना खुला आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण आता कोणीही बसून वीस हजार जीन एकेक करून तपासू शकतं की या जीनचं प्रमाण जास्त असलेले आणि कमी असलेले असे दोन गट केले तर जगण्याच्या आलेखात फरक पडतो का. वीस हजारांत योगायोगानेच हजारभर ‘लक्षणीय’ निघतील, पाच टक्क्यांचा निकष लावला तर हे नुसतं गणित आहे. त्यात वर ‘जास्त’ आणि ‘कमी’ची रेघ कुठे मारायची हेही संशोधकच ठरवतो, काही वेबसाईट तर सगळ्यात चांगला फरक दिसेल अशी रेघ आपोआप शोधून देतात, मग फरक दिसणारच ना. २०११ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या डेटावर कोणीतरी हे करून दाखवलं की उगाच कसेही निवडलेले जीनचे गट घेतले तरी त्यातले बहुतेक पेशंटच्या जगण्याशी जोडलेले दिसतात. कारण गाठ वेगाने वाढत असेल तर हजारो जीन एकाच वेळी वरखाली होतात, त्यातला कुठलाही धरा, संबंध दिसतोच.

जठराच्या बाबतीत अजून एक घोळ आहे. गाठीचा तुकडा दळून आरएनए (कुठला जीन किती चालू आहे ते सांगणारा रेणू) काढतात तेव्हा त्यात फक्त कॅन्सरच्या पेशी नसतात, आजूबाजूचे तंतू बनवणारे फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी सगळं येतं. विखुरलेल्या म्हणजे डिफ्यूज प्रकारात पेशी सुट्या सुट्या पसरतात आणि भोवती भरपूर तंतुमय ऊतक असतं, आणि तोच प्रकार जास्त वाईट. त्यामुळे कोलॅजेनसारखे फायब्रोब्लास्टचे जीन नेहमी ‘वाईट भविष्य’वाल्या यादीत वर येतात. तो जीन कॅन्सरला चालवतोय असं त्यातून कळत नाही, फक्त हा तुकडा तंतुमय होता एवढं कळतं. मग पेपरच्या शेवटी डिशमधल्या पेशींमध्ये तो जीन बंद करून वाढ कमी झाल्याचं दाखवतात, पण डिशमध्ये पेशीला जगायला लागणारे शेकडो जीन आहेत, कुठलाही बंद करा वाढ मंदावतेच.

चुलतभावाला एवढंच विचारा की त्या पेपरमध्ये कुठल्या माणसाला काही औषध दिलंय का. नसेल तर ती टेस्ट करून हाती काय येणार, त्या रिपोर्टवर डॉक्टर काय लिहून देणार?

---

रानवारा

नाही दिलंय. सगळं डेटाबेस आणि पेशींवरच आहे. भावाला हा धागा पाठवला.

---

स्लाईडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, या बाजूने कोणी फारसं लिहीत नाही म्हणून लिहिते.

जठराचा पुढे गेलेला कॅन्सर असेल तर सुरुवातीलाच चार गोष्टी बघायच्या, हर-टू, क्लॉडिन १८.२, पीडी-एल१ आणि मिसमॅच रिपेअर म्हणजे एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा, ती बिघडलेली असली की गाठ एमएसआय हाय असते). या चारही स्लाईडवर रंग चढवून, आयएचसीने, बघता येतात, आणि चारही मिळून फार मोठा तुकडा लागत नाही. पण तुकडा मुळात नीट घेतलेला हवा. एंडोस्कोपी करताना सहा ते आठ तुकडे, वेगवेगळ्या जागेवरून, हे मी पुन्हा पुन्हा सांगते कारण जठराची गाठ एकसारखी नसते. एका कोपऱ्यात हर-टू गडद आणि दुसऱ्यात काहीच नाही असं रोज बघते. एकच तुकडा आला आणि निगेटिव्ह आला तर तो खरंच निगेटिव्ह आहे की आपण चुकीच्या कोपऱ्यात होतो हे कसं सांगणार?

दुसरं, सगळ्या टेस्ट एकदम मागवा. आधी हर-टू, मग दोन आठवड्यांनी क्लॉडिन, मग पीडी-एल१ असं केलं की प्रत्येक वेळी ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मशीनवर चढतो, पृष्ठभाग सपाट करण्यात थोडं ऊतक वाया जातं, आणि शेवटच्या टेस्टला काही उरत नाही. एकाच बैठकीत सगळे काप काढून ठेवले तर तेवढ्याच तुकड्यात सगळं होतं. रानवारा, तुमच्या लॅबला हे आवर्जून सांगा. तुकडा फॉर्मेलिनमध्ये किती वेळ होता यावरही रंग अवलंबून असतो, साधारण ६ ते ७२ तास ही मर्यादा धरतात.

क्लॉडिनचा रिपोर्ट कसा वाचायचा तर, कॅन्सरच्या पेशींपैकी किती टक्के पेशींच्या कडेवर मध्यम किंवा गडद रंग आहे ते आम्ही मोजतो. ७५ टक्के किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. फिकट रंग मोजत नाही, आतला म्हणजे सायटोप्लाझमचा रंग मोजत नाही. मोठ्या ट्रायल्समध्ये तपासलेल्या पेशंटपैकी साधारण ३८ टक्के यात बसले, म्हणजे दुर्मिळ नाहीये हे.

हर-टूची पद्धत निराळी आहे आणि स्तनाच्या कॅन्सरवर हात बसलेला माणूस इथे चुकू शकतो. जठरात रंग पेशीच्या पूर्ण कडेने येत नाही, तळाला आणि बाजूंना येतो, इंग्रजी यू अक्षरासारखा, कारण वरची बाजू पोकळीकडे उघडी असते. स्तनाचे नियम लावले तर कितीतरी पॉझिटिव्ह गाठी निगेटिव्ह ठरतील, म्हणून जठराचे नियम वेगळे बनवले. बायोप्सीत तर निदान पाच पेशींचा एक पुंजका गडद असला तरी पुरतो. टू प्लस म्हणजे धड पॉझिटिव्ह नाही धड निगेटिव्ह नाही असा आला तर फिश टेस्ट करून जीनच्या प्रती वाढल्यात का ते बघतात.

---

विजयराज

सगळं वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण एक प्रश्न मनातून जात नाही तो विचारतोच. क्लॉडिनच्या औषधाने दोन-अडीच महिने वाढतात असं वाचलं. एवढ्यासाठी एवढा त्रास, एवढ्या टेस्ट? माझे वडील याच आजारात गेले, शेवटचे महिने सगळे हॉस्पिटलमध्येच गेले. म्हणून विचारतो, कोणाला दुखवायचं नाही.

---

जान्हवी_एम

विजयराज, दुखावणारं काही नाही त्यात, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

आकडे असे. स्पॉटलाईट ट्रायलमध्ये ५६५ पेशंट होते, केमो अधिक झोल्बेटुक्सिमॅब गटात मध्यक आयुर्मान १८.२३ महिने, केमो अधिक प्लासिबो गटात १५.५४. ग्लो ट्रायलमध्ये वेगळी केमो होती, तिथे १४.३९ विरुद्ध १२.१६. म्हणजे तुमचा दोन-अडीच महिन्यांचा आकडा बरोबर आहे. पण मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाचा आकडा, तो प्रत्येकाला समान वाटून मिळत नाही. काहींना औषधाचा काहीच उपयोग होत नाही आणि काहींना बराच होतो. स्पॉटलाईटमध्ये दोन वर्षांनी जिवंत असलेले ३९ टक्के विरुद्ध २८ टक्के होते. शंभरातले ते अकराजण मला मधल्या माणसाच्या आकड्यापेक्षा जास्त काही सांगतात. पण हा माझा कल आहे, आणि एखाद्या पेशंटने नको म्हटलं तर तोही पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय असू शकतो, त्याला हार मानली असं कोणी म्हणू नये.

आणि टेस्टचा उपयोग नुसता औषध द्यायला नसतो, न द्यायलाही असतो. मेटच्या ट्रायलने हेच शिकवलं, चुकीच्या माणसाला चुकीचं औषध दिलं तर नुसतं निरुपयोगी नाही, घातक होतं. एमएसआयचं उदाहरण तर मला सगळ्यात बोलकं वाटतं. हा खरोखर दोन्ही प्रश्नांची उत्तरं देणारा मार्कर आहे. ऑपरेशन होण्यासारख्या टप्प्यावर एमएसआय हाय असलेल्यांचं भविष्य इतरांपेक्षा बरं असतं, आणि त्यांना इम्युनोथेरपी खूप चांगली लागू पडते. फ्रान्समध्ये ऑपरेशनच्या आधी फक्त इम्युनोथेरपी देऊन बघितली, २०२२ मध्ये निकाल आले, ऑपरेशन झालेल्या २९ जणांपैकी १७ जणांच्या काढलेल्या जठरात कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही. छोटा अभ्यास आहे, पण असा निकाल या आजारात कोणी बघितला नव्हता. ही टेस्ट राहून गेली तर तो पेशंट केमोच्या रस्त्याला लागतो, म्हणून तळमळून सांगते की टेस्ट सुरुवातीलाच करा.

---

मेघना०५

माझी आई झोल्बेटुक्सिमॅबवर आहे. ट्रायलचे आकडे वरती आलेत, मी घरातलं सांगते कारण याची तयारी कोणी करून दिली नव्हती आम्हाला. पहिल्या सलाईनला आईला भयंकर उलट्या झाल्या, औषध सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, आम्हाला वाटलं रिॲक्शन आली आता बंद करणार. नर्सनी थांबवलं, उलटीचं अजून एक औषध दिलं, वेग एकदम कमी करून परत लावलं आणि सगळा दिवस गेला त्यात पण पूर्ण झालं. दुसऱ्या वेळी आधीपासूनच दोन-तीन प्रकारची उलटीची औषधं दिली, बरंच सुसह्य झालं. आता मळमळ असते पण ती सलाईनच्या दिवशी आणि नंतर थोडी. ज्यांचं सुरू होणार आहे त्यांनी पहिल्या दिवशी सबंध दिवसाची तयारी ठेवा, घाई करू नका, आणि वेग कमी करा म्हणायला लाजू नका. वजनावर लक्ष ठेवा, आईचं पहिल्या महिन्यात बरंच उतरलं तेव्हा आहारतज्ज्ञांना भेटलो ते लवकर भेटायला हवं होतं असं वाटतं.

---

जान्हवी_एम

@मेघना०५ आईंना खूप खूप शुभेच्छा, आणि हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. उलट्या का होतात त्याचं कारण वर सांगितलेल्या गोष्टीतच आहे. निरोगी जठरातही क्लॉडिन असतंच, दडलेलं असलं तरी थोडंफार औषधाला सापडतं, आणि अस्तर चिडतं. याला पुरावा म्हणजे ज्यांचं जठर आधीच काढलेलं आहे त्यांना हा त्रास कमी होतो. स्पॉटलाईटमध्ये गंभीर स्वरूपाच्या उलट्या औषध गटात १६ टक्के आणि दुसऱ्या गटात ६ टक्के लोकांना झाल्या. पहिल्या एक-दोन डोसना सगळ्यात जास्त, मग उतरतं, तुमच्या अनुभवाशी जुळतंय.

---

रानवारा

सगळे काप एकदम काढायला सांगितले लॅबला, त्यांनी मान्य केलं. स्लाईडवाली ताई धन्यवाद. अजून एक, काकू फार घाबरलीय, जीनची टेस्ट म्हटल्यावर तिला वाटतंय की हे आता मुलांमध्ये आलं असणार. तिला काय सांगू?

---

स्लाईडवाली

काकूंना सांगा की ही टेस्ट गाठीची आहे, काकांच्या रक्तातून मुलांकडे गेलेल्या जीनची नाही. गाठीत हर-टू किंवा क्लॉडिन असणं हे त्या गाठीपुरतं असतं, ते मुलांकडे जात नाही. निश्चिंत सांगा.

अनुवंशिक जठराचा कॅन्सर असतो, पण एकूण केसेसपैकी एक ते तीन टक्के. त्यातला मुख्य जीन सीडीएच१, तो पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅड्हेरिन बनवतो. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात त्यातला बिघाड शोधला गेला, त्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं या आजाराने जात होती आणि त्यांनीच संशोधकांकडे जाऊन कारण शोधायला लावलं. त्यांच्या चिकाटीमुळे आज जगभरच्या अशा कुटुंबांना वेळेत कळतं. तिथे मात्र उपाय अवघड आहे, कॅन्सरच्या पेशी अस्तराच्या खाली बारीक बारीक ठिपक्यांत असतात, एंडोस्कोपीत दिसत नाहीत, म्हणून सगळं जठर काढून टाकायचा सल्ला देतात. बायकांना स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरचाही धोका असतो. घरात दोन-तीन जणांना डिफ्यूज प्रकारचा झालेला असेल, किंवा कोणाला पन्नाशीच्या आत झाला असेल, तर जेनेटिक काउन्सेलरला भेटावं. काकांच्या घरात असं काही नसेल तर काकूंनी तो विचार डोक्यातून काढावा. हेलिकोबॅक्टर पायलोरीची तपासणी मुलांनी करून घेतली तर ते मात्र चांगलंच, तो जिवाणू औषधांनी जातो आणि धोका खरंच कमी होतो.

---

अभय_जो

हर-टूबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही. बहिणीला स्तनाचा हर-टू पॉझिटिव्ह होता, ती ट्रास्टुझुमॅबवर अगदी छान आहे. मग जठरात तोच जीन, तेच औषध, तरी फरक का?

---

जान्हवी_एम

@अभय_जो बहिणीचं वाचून बरं वाटलं. जठरात ट्रास्टुझुमॅब चालतं, पण तेवढं नाही. २०१० मध्ये टोगा ट्रायल आली, जठरात हर-टू असलेल्यांसाठी, ११.१ महिन्यांवरून १३.८, आणि ज्यांच्यात प्रथिन खरंच भरपूर होतं त्यांच्यात ११.८ वरून १६. या आजारात जीन बघून औषध देण्याची ती सुरुवात होती. मग सगळ्यांना वाटलं स्तनाच्या कॅन्सरमधली पुढची सगळी औषधं इकडे आणू, आणि एकामागून एक पडली. लॅपॅटिनिब नाही, टी-डीएम१ नाही, पर्टुझुमॅब नाही.

स्लाईडवालींनी सांगितलेलं मुख्य कारण आहे, गाठ एकसारखी नसते. हर-टू असलेल्या पेशी मरतात, नसलेल्या शेजारच्या वाढत राहतात. आणि ट्रास्टुझुमॅब घेतल्यावर साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या पेशंटमध्ये गाठीतून हर-टू नाहीसाच होतो, त्यामुळे पुढच्या औषधाला पकडायला काही उरत नाही. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकनने यातून वाट काढली. या अँटिबॉडीला केमोचा रेणू जोडलाय, पेशीत शिरल्यावर तो सुटतो आणि पातळ पडद्यातून बाजूच्या पेशीतही जातो, तिच्यावर हर-टू नसला तरी. २०२० मध्ये आधी उपचार घेतलेल्या पेशंटमध्ये ५१ टक्के गाठी आकसल्या, साध्या केमोत १४ टक्के. म्हणजे टार्गेट तेच, पण कसं मारायचं हे बदललं आणि चित्र बदललं. म्हणून मी एखाद्या ट्रायलच्या अपयशावरून जीनलाच निकालात काढत नाही. मेटमध्येही ज्यांच्यात जीनच्या प्रतीच वाढल्यात असे थोडे पेशंट आहेत, त्यांची गाठ खरंच मेटवर अवलंबून असते, नुसता रंग दिसणाऱ्यांची नाही. जुन्या ट्रायलमध्ये दोघांना एकाच पिशवीत घातलं होतं.

फुप्फुसाला सूज येणं हा डेरक्सटेकनचा गंभीर दुष्परिणाम आहे, नवीन खोकला किंवा दम लागला तर वाट न बघता कळवायचं.

---

रानवारा

रिपोर्ट आला. क्लॉडिन ६० टक्के. निगेटिव्ह लिहिलंय. ६० टक्के पेशींवर आहे आणि तरी निगेटिव्ह? घरात सगळे सुन्न आहेत, थोड्यासाठी हुकलं म्हणून. पीडी-एल१ सीपीएस (म्हणजे पीडी-एल१चा स्कोअर) ८, एमएमआर नॉर्मल.

---

स्लाईडवाली

रानवारा, ६० ला निगेटिव्ह वाचून काय वाटत असेल समजू शकते. ७५ ही रेघ निसर्गाने मारलेली नाही, ट्रायलने मारलेली आहे, पण हवेतून नाही मारली. आधीच्या फास्ट नावाच्या फेज २ ट्रायलमध्ये ४० टक्क्यांपासून पुढचे पेशंट घेतले होते, आणि त्यात दिसलं की खरा फायदा ७० टक्के आणि त्यावरच्यांना झाला. म्हणून पुढच्या ट्रायलमध्ये रेघ वर नेली. म्हणजे काकांच्या हातून हमखास काही निसटलं असं नाही, त्यांच्यासारख्यांना उलट्यांचा त्रास पूर्ण आणि फायदा धूसर अशी शक्यता जास्त होती. ६० हा आकडा फुकट मात्र नाही, जपून ठेवा.

---

जान्हवी_एम

स्लाईडवालींशी शंभर टक्के सहमत. रानवारा, आता सीपीएस ८ कडे बघा, माझ्या मते तुमच्या रिपोर्टमधली महत्त्वाची ओळ ती आहे. चेकमेट ६४९ ट्रायलमध्ये सीपीएस ५ किंवा जास्त असलेल्यांना केमोबरोबर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं तेव्हा मध्यक आयुर्मान १४.४ महिने झालं, नुसत्या केमोत ११.१. काका या गटात बसतात. निर्णय डॉक्टरांचा, पण हा पर्याय त्यांच्याशी याच भेटीत बोला.

६० टक्के क्लॉडिनचं म्हणाल तर झोल्बेटुक्सिमॅब हे एकच हत्यार नाही. क्लॉडिनवर बसून केमो सोडणाऱ्या अँटिबॉडीज ट्रायलमध्ये आहेत आणि त्यातल्या काहींची रेघ खाली आहे. पेशंटच्याच टी-पेशी काढून त्यांना क्लॉडिन ओळखायला शिकवणारी सॅट्री-सेल ही कार-टी थेरपीही चीनमधल्या ट्रायलमध्ये तपासली गेली, २०२५ मध्ये निकाल आले, बरेच उपचार होऊन गेलेल्या १५६ जणांमध्ये, आजार न वाढता राहण्याचा काळ १.७७ वरून ३.२५ महिने. लहान आकडे आहेत, पण घट्ट गाठींमध्ये (म्हणजे रक्ताचे सोडून इतर कॅन्सरमध्ये) कार-टी इतर उपचारांशी समोरासमोर तुलनेत सरस ठरली हे मोठं आहे. पुढे कधी गरज पडली तर हा रिपोर्ट दाखवून ट्रायलची चौकशी करता येईल.

---

रानवारा

डॉक्टरांशी बोललो. केमो आणि निवोलुमॅब सोमवारपासून. चुलतभाऊच येणार आहे सोबत, त्याने हा धागा छापून डॉक्टरांना दाखवला आणि त्यांनी शांतपणे वाचला. ब्लॉक लॅबमध्येच ठेवू का आपल्याकडे घेऊ?

---

स्लाईडवाली

ब्लॉक लॅबमध्ये राहू दे, थंड कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतो. कापून ठेवलेल्या स्लाईड मात्र काही महिन्यांत फिक्या पडतात, त्यावर पुढे टेस्ट करू देऊ नका, ताजा काप काढायला सांगा. ब्लॉक नंबर आणि रिपोर्टची प्रत तुमच्याकडे ठेवा. आणि पुढे कधी औषध बदलायची वेळ आली तर नवीन बायोप्सी होईल का हे विचारा, गाठ मधल्या काळात बदललेली असू शकते.